सुचौच्या बागा एका दिवसात कशा उरकाव्यात

शांघायपर्यंत जाऊन सुचौ न करता परत आलात, तर सोसायटीत तोंड दाखवायची सोय उरणार नाही. तेव्हा सुचौ करायचंच. शहर अडीच हजार वर्षांचं, बागा पाचशे-सातशे वर्षांच्या, आणि आपल्याकडे एक दिवस. त्यातही संध्याकाळी सातला हॉटेलात वरणभात सांगून ठेवलाय. भरपूर वेळ आहे.

शांघायच्या होंगच्याओ स्टेशनवर गाडीच्या आधी दहाच मिनिटं पोचा, दादरला पोचता तसं. स्टेशन विमानतळाएवढं आहे, सामान एक्स-रेमधून जातं आणि फलाटाकडे जाणारं दार गाडी सुटायच्या काही मिनिटं आधीच बंद होतं. धावती लोकल पकडायची जी विद्या आपण आयुष्यभर कमावली, तिला इथे कोणी विचारत नाही. तिकीट पासपोर्टाच्या नंबरावर असतं. म्हणून पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत सुरक्षित ठेवून यावं.

हँडबॅगेत अडकित्ता अवश्य असू द्या. माझ्या होता, आईचा, पितळी मुठीचा. एक्स-रेवरच्या बाईने तो दोन बोटांत धरून वर उचलला. मी खुणेने समजावलं: आधी सुपारी, मग अडकित्ता, मग तोंड. तिने सुपारी हुंगली, माझ्या दातांकडे नीट पाहिलं आणि अडकित्ता एका प्लास्टिकच्या डब्यात टाकला. त्यात तीन कात्र्या आणि एक फळं सोलायची सुरी आधीच विसावली होती. हुनान प्रांतात सुपारी चघळणारे पुष्कळ आहेत, पण त्यातलं कोणी त्या दिवशी ड्यूटीवर नव्हतं.

गाडीत खिडकीबाहेर बघू नका. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा. तेवढ्यात डब्यातल्या पाटीवर वेगाचा आकडा तीनशेच्या आसपास गेला की त्याचा फोटो काढायचा असतो, आणि डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, तिथे पाकिटातले पोहे भिजवायचे असतात. पोहे फुलतात तोवर सुचौ येतं. उतरायचं कुठे, याचा फार काथ्याकूट नको. एक सुचौ स्टेशन बागांच्या जवळ आहे आणि एक सुचौ उत्तर, ते लांब. नावात सुचौ आहे ना, मग झालं.

पहिली बाग च्वोचंग युआन. राजकारणाला विटून घरी परतलेल्या वांग श्येनचन नावाच्या मिंगकालीन अधिकाऱ्याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभारली. नाव एका जुन्या कवीच्या वचनावरून घेतलं: झाडांना पाणी घालावं, भाजी विकावी, हाच बावळटाचा राज्यकारभार. पुढे मुलाने ही बाग एका रात्रीत जुगारात घालवली, असं सांगतात. ही गोष्ट गाइड रंगवून सांगेल, तेव्हा तुम्ही स्वच्छतागृह शोधत असायला हवं.

बाग पाच हेक्टरांची, त्यात पाणीच पाणी. वाटा मुद्दाम वाकड्या काढल्यात, दर दहा पावलांवर जाळीची खिडकी वेगळं चित्र दाखवते. माणसाने रेंगाळावं, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप. आपण गाइडच्या झेंड्यामागून चालावं. एका ठिकाणी तळ्याच्या टोकाशी दूरचा उत्तर मंदिराचा पॅगोडा बरोबर झाडांच्या मधोमध दिसतो. तो बागेत नाहीच, बाहेर शहरात आहे. चिनी बागकामात याला उसनं घेतलेलं दृश्य म्हणतात. तुम्ही नेमके त्या रेषेत उभे राहा आणि विजयाची दोन बोटं दाखवा.

मग पंख्याच्या आकाराचा तो छोटा मंडप. नाव आहे ‘कोणासोबत बसू?’ जुना चिनी कवी सू तुंगपो याच्या ओळीतून घेतलंय, आणि उत्तरही त्याच ओळीत आहे: चंद्र, वारा आणि मी. आम्ही एकवीस जण बसलो. दोघी मांडीवर. मागे फोटोच्या रांगेत आणखी शंभरेक चंद्र-वारे ताटकळत होते. इथेच मोठ्या आवाजात म्हणावं, ‘आपल्या सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानासारखंच आहे की हो!’ ते उद्यान जपानी धर्तीचं आहे. चिनी गाइडला हे कळलं की दिवसभर तो फार बोलत नाही, त्यामुळे वेळ वाचतो.

दुसरी बाग सिंहवन, 1342 सालची. ताइहू सरोवरातले भोकाभोकांचे दगड रचून केलेल्या गुहा, आत चक्रव्यूह. छ्यानलुंग बादशहाला ही बाग इतकी आवडली की त्याने उत्तरेत तिच्या नकला करवल्या. आमचे एक काका आत गेले ते पंचवीस मिनिटांनी मागच्या बाजूने बाहेर आले आणि म्हणाले, ‘काही विशेष नाही.’ बाग एकेकाळी नामवंत वास्तुकार आय. एम. पेई यांच्या घराण्याकडे होती. जवळच त्यांनी बांधलेलं संग्रहालय आहे, 2006 सालचं. प्रवेश फुकट, म्हणजे बघण्यासारखं काही नसणारच.

उरली जाळेमास्तरांची बाग. अर्ध्या हेक्टरची, म्हणे सगळ्यांत सुंदर. तिच्यातल्या एका अंगणावरून बेतलेलं अंगण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. मुलाकडे जाऊच तेव्हा ते बघू, असं आमच्यातल्या चौघांचं एकमत झालं आणि आम्ही रेशमाच्या दुकानात शिरलो. तिथे मात्र पावणेदोन तास कोणी घड्याळ पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत शेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांनी खिशातून पुडी काढली, एक फोड स्वतः घेतली आणि पुडी माझ्यापुढे धरली. सुपारी. आधीच कापलेली. मग त्यांनी फोनवर काही टाइप केलं, भाषांतर दाखवलं: बाग आवडली का? मी अभिमानाने मंडपातला फोटो पुढे केला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला आणि आमच्या एकवीस डोक्यांच्या मधून काहीतरी शोधू लागले.