दीडशे वर्षांचे पेन्शनर, तीसपैकी तीस आणि विकलेले पोल

अमेरिकेच्या राजकारणावरचा एक लांबलचक मेसेज मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. शब्द इकडेतिकडे होतात, दावे तेच राहतात. ट्रम्प यांना बुद्धीच्या चाचणीत ३० पैकी ३० गुण मिळाले, म्हणजे त्यांच्याइतका तल्लख अध्यक्ष दुसरा नाही. बायडेन यांचं डोकं चालत नव्हतं हे सगळ्या अमेरिकेला ठाऊक होतं आणि त्यांच्या सह्या यंत्र करत होतं, म्हणून त्यांचे निर्णय रद्दबातल. निवडणुकीचे पोल विकत घेतलेले असतात. दीडशे वर्षांपूर्वी जन्मलेले लाखो मेलेले लोक सरकारी पेन्शन खातात, उरलेली घुसखोर खातात, आणि म्हणून तिजोरी रिकामी आहे. शेवटी एक गोड बातमी: ट्रम्प यांनी त्या पेन्शनवरचा कर काढून टाकला.

हा मेसेज निव्वळ थापांचा नाही, म्हणूनच तो खपतो. यातले बरेच आकडे खरोखर कुठल्या तरी सरकारी कागदावर आहेत. फक्त ते निघाले एका प्रश्नाचं उत्तर म्हणून आणि चिकटवलेत भलत्याच प्रश्नाला.

आधी ते तीसपैकी तीस. एप्रिल २०२५ च्या तपासणीनंतर अध्यक्षांचे डॉक्टर शॉन बार्बाबेला यांनी हे गुण जाहीर केले. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे डॉक्टर रॉनी जॅक्सन यांनीही हेच सांगितलं होतं. गुण खरे. पण चाचणी कसली? तिचं नाव ‘मोका’. माँट्रियलचे डॉक्टर झियाद नस्रेदिन यांनी ती स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या खुणा हेरण्यासाठी बनवली. दहा-एक मिनिटांचं काम असतं. घड्याळ काढा आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर दाखवा. सिंह, गेंडा, उंट ही चित्रं ओळखा. पाच शब्द ऐका आणि थोड्या वेळाने पुन्हा सांगा. शंभरातून सात-सात वजा करत जा. आज वार कोणता, तारीख कोणती. २६ किंवा त्याहून जास्त गुण पडले की सर्वसाधारण. म्हणजे इथे पैकीच्या पैकी मिळाले तर घरच्यांनी हुश्श करावं, बोर्डात आल्याचे पेढे वाटू नयेत. बुद्ध्यंक, निर्णयशक्ती, स्वभाव यांतलं काहीही ही चाचणी मोजत नाही.

याचा अर्थ ट्रम्प यांच्या विरोधकांचा उलटा दावा खरा, असंही नाही. भाषणाच्या तुकड्यावरून घरबसल्या स्मृतिभ्रंशाचं निदान करणारे डॉक्टर त्या बाजूलाही पुष्कळ आहेत. हा उद्योग जुना आहे. १९६४ मध्ये एका मासिकाने अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याबद्दल देशभरातल्या मनोविकारतज्ज्ञांना पत्रं पाठवली आणि १,१८९ जणांनी, त्यांना कधी तपासलेलं नसताना, ते अध्यक्षपदाला अपात्र असल्याचं कळवलं. गोल्डवॉटर यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि जिंकला. न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीचं निदान करू नये, हा अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा १९७३ चा नियम त्यातूनच आला.

बायडेन यांच्याबद्दल मेसेजचं अर्धं मान्यच करावं लागेल. २७ जून २०२४ ला अटलांटातल्या वादचर्चेत वाक्य भरकटत भरकटत शेवटी ‘आम्ही मेडिकेअरला (म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याला) हरवलं’ असं म्हणणारे बायडेन जगाने पाहिले, आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. पक्षाने हे झाकलं का, हा प्रश्न रास्त आहे. पण त्यावरून ‘निर्णय रद्दबातल’ इथवर उडी मारता येत नाही. अध्यक्ष असमर्थ ठरवण्याची रीत २५ व्या घटनादुरुस्तीत लिहिलेली आहे: उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचं बहुमत हवं, अध्यक्षांनी हरकत घेतली तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवीत. दुरुस्ती १९६७ ची. तिच्यातलं असमर्थ ठरवण्याचं हे कलम आजवर एकदाही वापरलं गेलेलं नाही. सहीच्या यंत्राचं म्हणाल, तर अध्यक्षांच्या सांगण्यावरून विधेयकावर यंत्राने सही चालते, हा कायदेशीर सल्ला २००५ चा, म्हणजे रिपब्लिकन बुश यांच्या न्याय खात्याचा. २०११ मध्ये फ्रान्समध्ये असलेल्या ओबामांनी तशीच सही करवली होती. अमुक निर्णय खुद्द बायडेन यांनी घेतला की नाही, हे कुणी पुराव्यानिशी विचारलं तर तो प्रश्न आहे. यंत्र हा पुरावा नव्हे.

आता गंमत बघा. ‘सगळ्या अमेरिकेला ठाऊक होतं’ हे मेसेज लिहिणाऱ्याला कुठून कळलं? पोलमधून! ऑगस्ट २०२३ मध्ये असोसिएटेड प्रेसने नॉर्क या संशोधन संस्थेसोबत केलेल्या पाहणीत ७७ टक्के लोकांनी बायडेन आणखी चार वर्षांसाठी फार म्हातारे असल्याचं सांगितलं होतं. डेमोक्रॅट मतदारांतही ६९ टक्क्यांनी. माघारीच्या वर्षभर आधी ही गोष्ट आकड्यांत मांडली ती पोलवाल्यांनी. ते विकलेले होते तर हा आकडा छापला कसा? दोन ओळी खाली त्याच मेसेजमध्ये पोल खोटे.

पोल चुकतात, आणि कधीकधी सणसणीत चुकतात. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने एक कोटी कार्डं पाठवली, वीस लाखांहून जास्त परत आली, आणि तरी त्यांनी रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतले होते. मंदीत या दोन्ही गोष्टी परवडणारी माणसं वेगळी होती. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत तळाचंही हवं. आजची अडचण तीच, फक्त वेगळ्या रूपात. प्यू या संस्थेच्या फोन-पाहण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर देत, २०१८ पर्यंत सहा टक्के. जे फोन उचलत नाहीत ते उचलणाऱ्यांसारखेच आहेत, असं धरून चालता येत नाही. २०१६ मध्ये अनेक राज्यांतल्या पोलनी शिक्षणानुसार वजनं दिली नव्हती, म्हणजे कमी बोललेल्या गटाची उत्तरं जास्त धरून तोल साधला नव्हता; पदवीधर जास्त बोलले आणि विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत अंदाज फसले. त्याच वर्षी देशपातळीवर मात्र हिलरी क्लिंटन साधारण तीन टक्क्यांनी पुढे दिसत होत्या आणि मतांत त्या २.१ टक्क्यांनी पुढे राहिल्या. २०२० ची देशपातळीवरची चूक चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी होती, असा अहवाल पोलवाल्यांच्याच संघटनेने दिला. विकलेले लोक स्वतःवर असा अहवाल लिहीत नाहीत. शिवाय चूक दरवेळी एकाच बाजूला झुकत नाही. २०१२ मध्ये पोलनी ओबामांना कमी लेखलं होतं.

मेसेजचा हुकमी पत्ता आहे आयोवा राज्यातला. २०२४ च्या मतदानाच्या तीन दिवस आधी अ‍ॅन सेल्झर यांच्या पोलमध्ये हॅरिस ४७, ट्रम्प ४४. प्रत्यक्षात ट्रम्प १३ टक्क्यांनी जिंकले. ट्रम्प यांनी त्यांच्यावर दावाही ठोकला. पण मेसेज हे सांगत नाही की २०१६ मध्ये आणि २०२० मध्येही आयोवात ट्रम्प सात टक्क्यांनी पुढे आहेत, असं शेवटच्या पोलमध्ये सांगणाऱ्या याच सेल्झरबाई होत्या. २०२० ला इतर बरेच पोल तिथे अटीतटीची लढत दाखवत होते आणि बाईच बरोबर निघाल्या. पद्धत तीच, साधी: मागच्या वेळी कुणाला मत दिलं यावर वजन न देणं. दोनदा तिने ट्रम्प यांचा जोर पकडला, तिसऱ्यांदा तोंडघशी पाडलं. जिला विकत घेतलं म्हणता, ती दोनदा उलट बाजूने बोलून गेली होती.

आपल्याकडे ४ जून २०२४ नंतर एक्झिट पोलची जी फटफजिती झाली ती आठवून लोक या दाव्याला चटकन मान डोलावतात. पण मत देऊन बाहेर पडलेल्याला विचारणं आणि आठवडाभर आधी फोन करणं यात फरक आहे, आणि मतांच्या टक्क्यांवरून जागा काढणं ही तिसरीच भानगड.

आता पेन्शनकडे वळू, कारण मेसेज सगळ्यात जास्त पुढे ढकलला जातो तो याच परिच्छेदामुळे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे याच सरकारी पेन्शन योजनेच्या, नोंदींतली वयाची यादी दाखवली आणि ४ मार्चला ट्रम्प यांनी ती काँग्रेससमोर वाचून दाखवली: १०० ते १०९ वयाचे ४७ लाख, १५० ते १५९ वयाचे १३ लाख, वगैरे. ही यादी खोटी नाही. पण ती आहे कसली? सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळालेल्या सगळ्यांच्या मूळ नोंदवहीची, पेन्शन घेणाऱ्यांची नव्हे. या खात्याच्या महानिरीक्षकांनी जुलै २०२३ मध्येच लिहून ठेवलंय की १९२० किंवा त्याआधी जन्मलेल्या १ कोटी ८९ लाख लोकांच्या नावापुढे मृत्यूची नोंद नाही. त्यांतल्या पैसे मिळत असलेल्यांचा आकडा होता जेमतेम ४४ हजार, आणि शंभरी ओलांडलेली हाडामांसाची माणसं तिथे खरोखर आहेत. बाकीचे बहुतेक नोंदी संगणकावर येण्याआधी कधीतरी वारले. आपल्याला नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची सवय, म्हणून वहीत जिवंत म्हणजे पेन्शन चालू, असं डोक्यात येतं. तिथे देशात राहणाऱ्याला असा दाखला द्यावा लागत नाही. मृत्यूची खबर राज्यांकडून, नातेवाइकांकडून, अंत्यविधी करणाऱ्यांकडून येते. वर, २०१५ पासून वय ११५ झालं की पैसे आपोआप थांबतात. दीडशेच्या माणसाला चेक जाणार कसा?

मग वही दुरुस्त का केली नाही? महानिरीक्षक करा म्हणत होते. खात्याने ५५ ते ९७ लाख डॉलर खर्च येईल म्हणून टाळलं. टीका करायची तर या टाळाटाळीवर जरूर करावी. अशा जुन्या क्रमांकांवर दुसरेच लोक नोकरी करताना सापडले होते. त्यात मजा अशी की नोकरी केली की पगारातून कर कापला जातो. मेलेल्याच्या नावावर निधीत पैसे जमा होत होते.

विरुद्ध बाजूच्या ग्रुपवरही एक ज्ञान फिरतं: कोबोल या संगणकाच्या जुन्या भाषेत तारीख कोरी असली की ती आपोआप २० मे १८७५ धरली जाते, म्हणून सगळे दीडशे वर्षांचे. हेही सोडून द्या. कोबोलमध्ये अशी ठरलेली तारीख नाही.

चुकीची देणी होतात. २०१५ ते २०२२ या काळात ७,१८० कोटी डॉलर चुकीचे गेले, असं महानिरीक्षकांचं म्हणणं. रक्कम अवाढव्य, पण एकूण वाटपाच्या एक टक्क्याहून कमी. बहुतेक वेळा जिवंत माणसाला हिशेबापेक्षा जास्त गेलेले पैसे. निधी २०३३ च्या सुमारास आटेल आणि तेव्हा ठरलेल्या रकमेच्या ७७ टक्केच देता येतील, असा विश्वस्तांचा २०२५ चा अंदाज आहे. त्याचं कारण भुतं नाहीत. १९६० मध्ये एका लाभार्थीमागे पाच कमावते होते, आज तिघेही नाहीत.

घुसखोर? कायदेशीर वास्तव्य नसलेल्याला ही पेन्शन मिळतच नाही. न मिळणाऱ्या पेन्शनसाठी पैसे भरणारे खरे लोक बघायचे तर हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या घरातच सापडतील. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या भाच्याच्या पगारातून ६.२ टक्के जातात, तेवढेच कंपनी भरते. पेन्शनचा हक्क लागायला साधारण दहा वर्षांची कमाई लागते. व्हिसाची नेहमीची मुदत सहा वर्षं. भारत आणि अमेरिका यांच्यात ही वर्षं एकमेकांकडे मोजण्याचा करार नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत न लागता तो सहा वर्षांनी पुण्याला परतला, तर पैसे तिथल्याच म्हाताऱ्यांना.

आणि ती गोड बातमी. जुलै २०२५ च्या कायद्यात पेन्शनवरचा कर काढलेला नाही. ६५ आणि त्यापुढच्यांना उत्पन्नातून जास्तीची ६,००० डॉलरपर्यंत वजावट दिली आहे, जास्त कमावणाऱ्यांसाठी ती कमी होत जाते, आणि ती २०२८ पर्यंतच आहे. ६२ ते ६४ वयाच्या पेन्शनरांना तीही नाही.