जवानाच्या आईला ‘रडू नको’ म्हणू नका

7 मे 2025 ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि 10 मेला संध्याकाळी गोळीबार थांबल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे बहुतेकांनी तिथेच विषय मिटवला. इथल्या जवानांच्या घरांतल्या भीतीचा विषय काढला, तर खान्देशात कुठे बॉम्ब पडले, असं मला अनेकांनी विचारलं. मला हा प्रश्नच पटत नाही.

पारोळा, चाळीसगाव, पाचोरा, साक्री... या भागातल्या गावागावांतली पोरं सैन्यात आहेत, बीएसएफमध्ये, सीआरपीएफमध्ये आहेत. 30 एप्रिलला आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली होती, लग्नसराई सुरू होती. निमलष्करी दलांच्या सुट्ट्या रद्द झाल्या आणि अंगाची हळद उतरली नव्हती अशी पोरंही ड्यूटीवर गेली. घरी उरल्या आया, बायका आणि म्हातारे बाप.

माझ्या मामीचा मुलगा तेव्हा जैसलमेरच्या बाजूला होता. त्याचा फोन बंद. मामीने टीव्ही रात्रंदिवस चालू ठेवला. 8 मेच्या रात्री काही चॅनलवाल्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ठोकून दिलं. ते खोटं निघालं, पण त्या रात्री पडद्यावर जैसलमेरचं नाव आलं की ती छातीला हात लावायची. ‘मना पोऱ्या तठे शे वं’ (माझा पोरगा तिथे आहे गं), एवढंच म्हणायची. भाकरी घशाखाली उतरत नव्हती, बीपी वाढलेला. शेजारपाजारचे यायचे, चांगली माणसं आहेत ती, पण प्रत्येकाचं एकच: ‘मामी, देशासाठी गेलाय तो, तुम्ही रडायचं नाही.’ मग ती न्हाणीघरात जाऊन रडायची.

अभिमान तिलाही आहे, कुणाहूनही जास्त. पण अभिमानाच्या नावाखाली आपण तिचं तोंड बंद केलं, आणि भीती आतल्या आत मुरत गेली. गोळीबार थांबल्यावरही कितीतरी दिवस वरातीत सुतळी बॉम्ब फुटला की ती दचकून उठायची. मुलगा रोज फोनवर बोलत होता, तरीही.

टीव्हीने माणूस किती खचतो, हे तपासलं गेलेलं आहे. 2013 मध्ये अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. त्यानंतर रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये, प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण दिसला. आपल्याकडेही 10 मेला सरकारने चॅनलांना सांगितलं की कार्यक्रमात हवाई हल्ल्याचा सायरन वाजवू नका. तोवर तो आवाज घराघरांत घुमून झाला होता. हवाई हल्ल्याच्या सरावाच्या, म्हणजे मॉक ड्रिलच्या सरकारी यादीत भुसावळचं नाव होतंच, शिवाय वरणगाव आणि भुसावळला ऑर्डनन्स फॅक्टरी, म्हणजे लष्करी साहित्याचे कारखाने. आता आपल्यावरही येतं की काय, या धास्तीने पोरंसोरं आईला बिलगून झोपत होती.

अशा वेळी त्या घरी जा. टीव्ही बंद करायला लावा, सोबत बसून दोन घास खाऊ घाला, ती रडली तर रडू द्या. झोप उडालेली, धडधड, चिडचिड आठवड्यांमागून आठवडे राहिली तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. 14416 हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा.

आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला माझं कळकळीचं सांगणं आहे: सीमेवर तणाव वाढला की जवानांच्या घरी फोन करून आईला, बायकोला विचारा, झोप लागते का म्हणून. शहीद झाल्यावर सगळा जिल्हा दारात उभा राहतो. पोरगा जिवंत असतानाही कुणीतरी जायला हवं.