काकूंच्या बांगड्या : आपल्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चुलत्यांच्या निधनानंतर काकूंच्या बांगड्या फोडू दिल्या नाहीत, असे मी लिहिले होते. त्यावर, हे शहरी खूळ असून पूर्वजांची रीत आम्ही मोडीत काढली आणि काकूंना कोणी विचारलेही नसेल, असे आपण म्हणता.

शेवटचा आक्षेप मला अधिक लागला, कारण तो निम्मा खरा आहे. भावकीतल्या बायका पुढे झाल्या तेव्हा मी काकूंना न विचारताच "नको" म्हणालो, आणि माझे कोणी ऐकलेही नसते. पण आमच्या थोरल्या आईने, म्हणजे काकूंच्या विधवा जावेने, त्यांचे मनगट दोन्ही हातांत धरून विचारले, "तुझ्या मनात काय हाय, ते सांग." काकूंनी काही न बोलता हात पदराखाली घेतला. त्या हिरव्या बांगड्या आजही त्यांच्या हातात आहेत. थोरल्या आईचा हा वाटा मूळ लेखात राहून गेला, ही माझी चूकच.

रीत मोडली, हे मात्र मला मान्य नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झाले, दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवून कावळा शिवेपर्यंत आम्ही उन्हात थांबलो, आणि यातले काहीही सोडावे असे कोणाच्या मनातही आले नाही. हे सारे गेलेल्या माणसासाठी असते. कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे ही मागे राहिलेल्या बाईला दिलेली शिक्षा आहे. राहिला प्रश्न शहरी खुळाचा. ही प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे आवाहन केले. शाहू महाराजांनी तर करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा १९१७ मध्येच केला होता. तेव्हा पूर्वजांचे नाव घ्यायचे, तर आपल्या मातीतले हे पूर्वजही त्यात धरावे लागतील.

पुढे महिन्याभराने काकूंनी जोडवी आपणहून काढून ठेवली. घरातल्या मुलींना ते रुचले नाही, पण मी त्यांना बोलू दिले नाही. थोरली आई स्वतः अजूनही कुंकू लावत नाही; "माझं आता ऱ्हाऊ दे" म्हणते, आणि तिला कोणी आग्रह करत नाही.