मादी आहे? मग नको

गावात कुत्रीला पिल्लं झाली की त्यातल्या नरांची वाटणी डोळे उघडायच्या आत झालेली असते. पांढऱ्या पायाचा अमक्याच्या पोराला, काळा किराणावाल्याला. माद्या तशाच राहतात. मग एक दिवस त्या दिसेनाशा होतात. कुठं जातात ते सगळ्यांना माहीत असतं. पोत्यात घालून नाल्यापलीकडे, नाहीतर दुसऱ्या गावाच्या फाट्यावर. त्या गावाचं पोतं आपल्या फाट्यावर रिकामं होतं ते वेगळंच. आणि मग आपणच चौकात बसून म्हणतो, गावात कुत्री लय झाली.

आपल्याकडचा कुत्र्यांचा प्रश्न या पोत्यातून सुरू होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला कुत्रं पाळायचं आहे त्यानं मादी आणावी, तिला लस टोचून घ्यावी आणि तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करावं. आम्ही वर्षभर हे केलं, म्हणून सांगायचा हक्क आहे असं समजते.

आमची सरकी कापूस वेचणीच्या दिवसांत वावराच्या धुऱ्यावर सापडली. वेचणाऱ्या बायांनी कापसासारखी ओटीत घालून आणली, म्हणून पोरांनी नावही सरकीच ठेवलं. सासूबाईंनी शेपूट उचलून पाहिलं अन् म्हणाल्या, "मादी व्हय वो हे. कायले आणली? वर्षभरात ओसरीभर पिल्लं करीन." शेजारच्या काकांनी फुकटचा सल्ला दिला, "सोडून द्या, तुमाले नर आणून देतो." आमचे हे बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "राहू दे ना वो माय, पोट्टे रडतीन." एवढ्यावर ती राहिली.

खरं तर पिल्लू आईपाशी आठ आठवडे तरी राहायला हवं. हिचं तेवढं वय नव्हतं. गाईचं दूध दिलं की ढाळ लागायची. मऊ भात, उकडलेलं अंडं, थोडं दही यावर ती सावरली. त्याच थंडीत गल्लीतलं एक पिल्लू रक्ताची हगवण लागून गेलं. लोक म्हणाले नजर लागली. तो पार्व्हो होता. त्या घरच्यांनी त्याच अंगणात दुसरं पिल्लू आणलं, तेही गेलं, कारण हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. पार्व्हो आणि डिस्टेंपर (हाही विषाणूचाच रोग) यांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते, पुढं तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तीन महिन्यांची झाली की, आणि मग वर्षानं परत.

सरकीला वायरच्या पिशवीत बसवून मोटारसायकलवर तालुक्याला नेलं तेव्हा दवाखान्याच्या आवारात गाई, गोऱ्हे, बकऱ्या आणि आमची पिशवी. एका बुवानं विचारलंच, "कुत्र्याले बी सुई देतेत काय वो?" देतात. पण लस तिथं नेहमी मिळतेच असं नाही. बाहेरून विकत घ्यायची, थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची, कारण ती दोन ते आठ अंशांत राहिली तरच कामाची.

तुम्ही म्हणाल, गावच्या कुत्र्याला कशाला एवढं? आपल्या वावरांना लागून जंगल आहे, टिपेश्वरचं वाघांचं अभयारण्य आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात आहे. डिस्टेंपर कुत्र्यांवर थांबत नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या रोगानं जवळजवळ एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ मध्ये गीरमध्येही सिंह मेले, तपासात तोच विषाणू सापडला. वाघ पाहायला जिप्सीचे पैसे मोजणारे आपण, गावच्या कुत्र्यांना मात्र एक सुई नाही.

आता उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, नवतपाच्या कडक नऊ दिवसांत तर बोलूच नका. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. अशात साखळीनं टिनाच्या शेडखाली बांधलेली कुत्री मी पाहिली आहेत, पाण्याचं भांडं उलटं पडलेलं. आमच्या सरकीनं रांजणाखालची ओली माती उकरून स्वतःच सोय केली. सासूबाईंनी शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी तिथंच ओलं पोतं टाकलं. फिरवणं, खाणं, सगळं पहाटे किंवा दिवस बुडाल्यावर.

पाऊस सुरू झाला तशा गोचिड्या आल्या. इथं एक गोष्ट मोठ्यानं सांगायची आहे. कापसावर मारायचं उरलेलं औषध कुत्र्याच्या अंगाला चोळतात, दरवर्षी चोळतात. अरे, २०१७ च्या फवारणीत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं विषबाधेनं गेली. कुत्रं तर अंग चाटतं. गोचिडीचं कुत्र्यासाठीचं औषध वेगळं मिळतं, वजनावर मात्रा ठरते. डॉक्टरला विचारा.

खाण्याचं थोडक्यात. रविवारच्या मटणाचा तर्रीदार रस्सा तिला द्यायचा नाही, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याचं रक्त बिघडवतो. कोंबडीची शिजलेली हाडं नाहीत, ती चिरफळतात आणि आतडी फाडतात. मनुके, चॉकलेट अजिबात नाही. ज्वारीची भाकर, भात, अंडं, बिनमसाल्याचं उकडलेलं मांस चालतं.

पावसाळा संपता संपता ती माजावर आली. हा सगळ्यात कठीण काळ, आणि नेमकं याबद्दल कोणी बोलत नाही. रक्त दिसलं तशा सासूबाई म्हणाल्या, "घ्या, आता कुत्री बी बाजूले बसली." मी म्हटलं, आई, तिला तरी बसवू नका. (ज्या घरात हा विषय निघत नव्हता त्या घरात तो कुत्रीमुळं निघाला. माझ्या मुलीनं जे प्रश्न विचारले त्याची वेगळी पोस्ट होईल.) दोन-तीन आठवडे गावातले झाडून सगळे बोके दारात, म्हणजे कुत्रेच, पण वागणं तेच. रात्रभर भांडणं. गल्लीतल्या बाया माझ्याशी बोलेनात. एका शहाण्यानं सुचवलं, "एकडाव होऊ द्या, मंग चांगली राखण करते." याला कसलाही आधार नाही. साधारण त्रेसष्ट दिवसांत पिल्लं होतात, वर्षातून दोनदा माज येतो, एका वेळी चार-सहा पिल्लं धरा. त्यातल्या माद्या वर्षभरात पुन्हा आया. त्या पोत्यांचा हिशेब आता तुम्हीच करा.

आम्ही तिला गोठ्याच्या खोलीत ठेवलं, दोरीशिवाय बाहेर काढलं नाही. माजात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून डॉक्टरांनी दोनेक महिने थांबायला सांगितलं. मग जिल्ह्याच्या गावी नेऊन ऑपरेशन केलं. गर्भपिशवी आणि अंडाशय काढतात. भूल देतात, टाके दहा-बारा दिवसांत निघतात, तेवढे दिवस चाटू द्यायचं नाही. आम्ही यांचा जुना बनियान चार पायांत घालून पाठीवर गाठ मारली. खर्च मी बचत गटाच्या पैशातून केला आणि घरात सांगून केला. पहिल्या माजाच्या आधी ऑपरेशन झालं तर पुढं स्तनात गाठी होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, शिवाय गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच राहत नाही.

राखणीचं विचाराल तर रानडुकराची चाहूल सरकीला आमच्या जागलीतल्या टॉर्चच्या आधी लागते. नर गल्लीभर मारामाऱ्या करत फिरतात, ही घर आणि वावर सोडत नाही. फक्त कोणाच्या वावरात कुंपणात करंट सोडलाय हे आम्हाला माहीत करून घ्यावं लागतं. झटका मशीनचा हलका झटका वेगळा आणि थेट करंट वेगळा, दुसऱ्यानं माणूसही मरतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हटलं, अकरा दिवसांनी आदेश बदलला. नसबंदी आणि लस करून त्याच जागी सोडा, रेबीज झालेली आणि चावकी वगळून. तेव्हा आपल्या पानटपरीवरही दोन तट पडले होते. दिल्लीवर भांडलो, आपल्या फाट्यावरच्या पोत्यावर कोणी बोललं नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत स्पष्ट आहे की भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी, पंचायतही त्यात आली. पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मालकाची.

आणि कुत्रं चावलं तर मिरची-चुना लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि थेट आरोग्य केंद्र गाठा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी लेखी अर्ज देणार आहे. गावातल्या सगळ्या कुत्र्यांना रेबीजची लस आणि आधी माद्यांचं ऑपरेशन, त्यासाठी पंचायतीनं पशुसंवर्धन खात्याला आणि मान्यताप्राप्त संस्थेला पत्र द्यावं. कोरमसाठी माणसं लागतात. "कुत्र्यांचा बंदोबस्त करा" एवढंच म्हणणाऱ्यांनीही यावं, सही दोन्ही बाजूंची चालेल.