ओरलँडोच्या काकांना उत्तर: अस्वलं गेली, पण लीग जोडल्या म्हणून नाही

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण मन तापलेलं होतं म्हणून थांबलो. आज निवांत लिहितोय.

इतर वाचकांना संदर्भ लागेल म्हणून सांगतो. उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीच्या डबघाईला आलेल्या मायनर, म्हणजे खालच्या पातळीवरच्या, लीग एकमेकींत विलीन करणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग आहे, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. काका नव्वदच्या दशकात ओरलँडोत राहायचे, तिथल्या सोलर बेअर्स (म्हणजे ‘अस्वलं’) या संघाचे सीझन तिकीटवाले. त्यांचं म्हणणं असं की, ‘विलीनीकरण’ हा ‘टाळं ठोकणं’ याला दिलेला गोंडस शब्द आहे. २००१ साली इंटरनॅशनल हॉकी लीगचे म्हणजे आयएचएलचे अकरापैकी पाच संघ त्यात बंद पडले आणि बंद पडलेल्यांत खुद्द विजेता संघ होता. स्वतंत्र बाण्याचे क्लब एनएचएलच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या नॅशनल हॉकी लीगच्या, दावणीला बांधले गेले. आणि मी हे सगळं नकाशावर रेघा मारून लिहितो, ज्यांचा संघ गेला त्यांच्या घरात डोकावत नाही.

यातलं शेवटचं वाक्य मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे. मूळ लेखात ओरलँडोचा उल्लेख मी एका ओळीत उरकला होता. ते बरोबर नव्हतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२००१ चा टर्नर कप सोलर बेअर्सनं जिंकला. अंतिम फेरीत शिकागो वूल्व्हजना हरवलं, तेही ४-१ नं. आयएचएल १९४५ पासून चालत आलेली लीग, तिचा हा शेवटचा करंडक. लीग बंद झाली आणि सहा संघ एनएचएलच्या लगेच खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये, एएचएलमध्ये गेले: शिकागो, ग्रँड रॅपिड्स, ह्यूस्टन, मॅनिटोबा, मिलवॉकी आणि युटा. जिंकणारे घरी बसले, आणि हरलेल्या शिकागोनं पुढच्याच वर्षी एएचएलचा कॉल्डर कप उचलला. ओरलँडोच्या माणसाला हे किती झोंबलं असेल ते मी समजू शकतो. त्यातही ओरलँडो आणि ग्रँड रॅपिड्स या दोन्ही क्लबांमागे डेव्हॉस हे एकच कुटुंब होतं. एक क्लब चालू राहिला, दुसरा मिटला. गावातल्या प्रेक्षकांना यात काडीचाही आवाज नव्हता. इथे मी तुमच्या बाजूनं आहे, पूर्णपणे.

पण काका, पाच संघ विलीनीकरणानं मारले, हे मला मान्य नाही. १९९५-९६ च्या मोसमात आयएचएलमध्ये १९ संघ होते. २०००-०१ मध्ये उरले ११. म्हणजे आठ संघांची घट एएचएलचं दार उघडण्याआधीच झाली होती. सॅन फ्रान्सिस्को स्पायडर्स एकच मोसम खेळून संपले. फिनिक्स, लास व्हेगास, अटलांटा, एकामागून एक गेले. याचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, तुम्ही तो काळ पाहिलाय. मिशिगन-ओहायो-इंडियाना पट्ट्यातली बसनं फिरणारी लीग एकाएकी विमानानं फिरायला लागली. शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजलिस अशा एनएचएलच्या अंगणात जाऊन तिनं दुकान मांडलं. एनएचएल क्लबांनी आपले होतकरू खेळाडू तिच्याकडे पाठवणं कमी केलं. असे खेळाडू पाठवले की त्यांचा पगार वरचा क्लब देतो. ते थांबलं की सगळ्यांचा पगार खालच्या मालकाच्या खिशातून. आणि मायनर लीगमध्ये टीव्हीचा पैसा जवळपास नसतोच. जो काही असतो तो तिकिटांचा गल्ला, थोड्या जाहिराती, टोप्या आणि जर्सी. मोसमात घरचे सामने चाळीसेक. त्यातले मंगळवार-बुधवारचे तर धरूच नका. एवढ्या संध्याकाळींच्या जिवावर रिंकचं भाडं, प्रवास, हॉटेल, खेळाडूंच्या दुखापतींचा विमा हे सगळं काढायचं. हा विमा म्हणजे काय चीज आहे ते हॉकीतल्या कुठल्याही क्लबच्या हिशेबनिसाला विचारा.

तेव्हा दोष द्यायचाच तर मी विलीनीकरणाला देत नाही, उशिराला देतो. १९ संघ असताना, हातात काही असताना आयएचएल वाटाघाटीला बसली असती तर अटी मांडता आल्या असत्या. ११ उरल्यावर आणि मालक पदरमोड करून दमल्यावर समोरचा म्हणेल ते घ्यावं लागतं. बैल गेल्यावर झोपा केला, असं झालं ते.

तुम्ही म्हणता, स्वतंत्र राहिले असते तर विजेते तरी जगले असते. त्यावर एक उदाहरण देतो, ते मी मूळ लेखात द्यायला हवं होतं. लुइझियानातला बोझियर-श्रीव्हपोर्ट मडबग्ज हा सेंट्रल हॉकी लीगचा संघ. २०११ साली त्यांनी लीगचा करंडक जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात क्लब बंद केला. तिथे कुणी कुणात विलीन होत नव्हतं. विजेतेपद आणि गल्ला यांचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा घट्ट नसतो, हे कटू आहे पण खरं आहे.

आणि मॅनिटोबाकडे बघा. विनिपेगचा एनएचएल संघ, जेट्स, १९९६ साली फिनिक्सला गेला. त्या रिकाम्या गावात मिनेसोटाहून मूस आले, आयएचएलचा संघ म्हणून. २००१ ला त्यांना एएचएलमध्ये जागा मिळाली नसती तर त्यांचीही गत तुमच्या अस्वलांसारखीच झाली असती. जागा मिळाली, क्लब टिकला, २००४ मध्ये गावात नवं अरीना उभं राहिलं, आणि त्याच मालकांनी २०११ साली अटलांटाचा एनएचएल संघ विकत घेऊन विनिपेगला आणला. जेट्स परत आले. मधली पंधरा वर्षं त्या गावात हॉकी धरून ठेवली ती या मूसनी. विलीनीकरणानं एका गावाला काय दिलं याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

आता एनएचएलच्या दावणीचा मुद्दा. हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि मी तो खोडणार नाही. एएचएलमध्ये आलं की संघ आपला राहत नाही. गावाचा लाडका गोलरक्षक फेब्रुवारीत वर बोलावला जातो आणि प्ले-ऑफला परत येईलच याची खात्री नसते. प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो, तसंच वरच्या क्लबच्या वीस वर्षांच्या पोराला बर्फावर वेळही द्यायचा असतो. जुन्या आयएचएलमध्ये तिशीतले खेळाडू वर्षानुवर्षं एकाच गावात राहायचे, त्यांची मुलं तिथल्या शाळेत जायची. ते गेलं, आणि त्याची भरपाई नाही. पण दावण सोडून बघितली तर काय होतं, तेही शिकागोनंच दाखवलं. २०२३-२४ च्या मोसमात वूल्व्हज कुठल्याही एनएचएल क्लबशी करार न करता खेळले. प्ले-ऑफ गाठता आली नाही, आणि पुढच्याच मोसमात ते कॅरोलायनाशी करार करून परतले. शिकागोसारख्या मोठ्या शहरातला, कॉल्डर कप जिंकलेला क्लब जर एका वर्षात परततो, तर विचिटा किंवा रॅपिड सिटीनं कुणाच्या भरवशावर एकटं उभं राहावं?

मी नकाशावर रेघा मारतो, असं तुम्ही म्हणालात. हो, मारतो. कारण माझ्या मते छोट्या लीग बुडतात त्या बहुतेकदा अंतरामुळे, आणि ते मी माझ्या गावात पाहिलंय. मी टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहतो. इथे २०१३ साली बीस्ट नावाचा संघ निघाला, आणि तो कुठल्या लीगमध्ये? सेंट्रल हॉकी लीगमध्ये. टेक्सस, ओक्लाहोमा, कॅन्सस, साउथ डकोटा. विचिटा आणि टल्सा इथून दोन हजार किलोमीटरच्या आसपास. पाहुणा संघ यायचा तो थकून, आणि त्याच्याशी आपलं काही वैर नाही, ओळख नाही. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिनं पहिल्याच सामन्यात विचारलं, “बाबा, हे लोक कुठून आलेत?” मी फोनवर नकाशा काढून दाखवला तर तिचा विश्वास बसेना. गर्दी जेमतेम. आमच्या मराठी मंडळींतली चार कुटुंबं आम्ही जायचो, बाकीच्यांना संघ आहे हेही ठाऊक नव्हतं.

मग ७ ऑक्टोबर २०१४ ला सेंट्रल लीगचे उरलेले सात संघ ईसीएचएल या दुसऱ्या मायनर लीगमध्ये गेले: ॲलन, ब्रॅम्प्टन, मिझुरी, क्वाड सिटी, रॅपिड सिटी, टल्सा आणि विचिटा. एलमायरा, टोलिडो, कॅलामझू अशी एका दिवसात बसनं गाठता येणारी गावं एकदम आमच्याच लीगमध्ये आली. पुढच्या वर्षांत इथे सामन्याला वेगळाच रंग चढला, कारण पाहुण्या संघाचे पाठीराखे गाडी काढून येऊ लागले. आमचा संघ २०२१ च्या फेब्रुवारीत, महामारीत, बंद पडला. पण त्या विलीनीकरणानं त्याला जी वर्षं मिळाली ती माझ्या मुलीच्या लहानपणीची वर्षं होती. ती कुणी ‘कागदावरची’ म्हटली तर मला चालणार नाही.

याच सात संघांतला टेक्ससचा ॲलन अमेरिकन्स. त्यांनी ईसीएचएलचा केली कप पहिल्याच मोसमात, २०१५ ला जिंकला आणि २०१६ ला पुन्हा जिंकला. त्याआधी २००३ मध्ये पश्चिमेकडची डब्ल्यूसीएचएल ही लीग ईसीएचएलमध्ये आली, तेव्हाही बॉइझीच्या आयडाहो स्टीलहेड्सनी पहिल्याच मोसमात केली कप नेला होता. ‘विलीन झालेले संघ शेवटी पाहुणेच राहतात’ असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सांगितलं. ईसीएचएलचं मूळ नाव ईस्ट कोस्ट हॉकी लीग. अलास्कातला अँकरेजचा संघ लीगमध्ये आल्यावर ‘ईस्ट कोस्ट’ कसं म्हणणार, म्हणून त्यांनी ती अक्षरं ठेवली आणि त्यांचा अर्थ सोडून दिला. मला हा निर्णय फार आवडतो. आलेल्यांसाठी घरानं आपलं नाव बदललं.

तरी तुम्ही इथे मला पकडू शकता, म्हणून मीच सांगतो. डब्ल्यूसीएचएलच्या शेवटच्या मोसमातल्या सहा संघांपैकी आज ईसीएचएलमध्ये फक्त आयडाहो आहे. सॅन डिएगो २००६ ला गेले, लाँग बीच २००७ ला, फ्रेझ्नो तर २००८ च्या डिसेंबरात, मोसम चालू असताना. अँकरेजनं तीन केली कप जिंकले आणि २०१७ ला दार लावलं. बेकर्सफील्ड वर एएचएलमध्ये गेलं, ती बढती. विलीनीकरणानं कायमचं आयुष्य मिळतं असा माझा दावा नव्हता, पण लेखात तसा सूर लागला असेल तर ती माझी चूक.

चुकीचं विलीनीकरणही असतं. २०१० साली दुसरी आयएचएल (जुनं नाव घेतलेली, पण वेगळी लीग) सेंट्रलमध्ये मिसळली तेव्हा १८ संघ झाले. टेक्ससच्या सीमेवरच्या लारेडोपासून ओहायोतल्या डेटनपर्यंत. कागदावर लीग मोठी दिसली, प्रवास मात्र लांबचा. दोन वर्षांत फोर्ट वेन आणि इव्हान्सव्हिल बाहेर पडले, चार वर्षांत १८ चे ७ झाले. आकडा वाढवण्यासाठी केलेली मोट आणि अंतर कमी करण्यासाठी केलेली मोट यांत हाच फरक. टेक्ससमध्ये त्याआधी फोर्ट वर्थ या एकाच शहरात दोन लीगचे दोन क्लब एकाच वेळी त्याच प्रेक्षकांसाठी भांडत होते. तिथे २००१ साली दोन लीग एक झाल्या ते योग्यच झालं.

फोर्ट वेनचं नाव निघालंच आहे. तिथला कॉमेट्स हा संघ १९५२ पासून गावातल्या त्याच कोलिझियममध्ये खेळतो. जुनी आयएचएल, मग यूएचएल (युनायटेड हॉकी लीग), मग नव्या नावाची आयएचएल, मग सेंट्रल, मग २०१२ पासून ईसीएचएल. लीग बदलत गेल्या, गावानं संघ सोडला नाही, आणि २०२१ ला त्यांनी केली कपही जिंकला. तुम्ही त्यांना ‘नशीबवान अपवाद’ म्हणालात. मला वाटतं नशिबापेक्षा त्यांनी वेळ ओळखली. १९९९ ला, आयएचएल कोसळायच्या दोन वर्षं आधी, ते स्वतःहून बाहेर पडले आणि आपल्या ऐपतीची, बसनं फिरता येणारी लीग निवडली. तोच निर्णय बाकीच्या गावांना लीगच्या पातळीवर, एकत्र घेता आला असता, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

तुम्ही शेवटी विचारलंत की, “मग ओरलँडोसाठी तुम्ही काय केलं असतं?” मी ज्या अटी घातल्या असत्या त्या सांगतो. निर्णय वसंतात, तिकिटं विकायच्या आधी. २०१४ सारखा मोसमाच्या तोंडावर नाही. वगळलेल्या संघाच्या खेळाडूंचे देणे आणि प्रेक्षकांचे आगाऊ भरलेले पैसे चुकते झाल्याशिवाय उरलेल्यांना प्रवेश नाही. एकाच मालकाचे दोन संघ असतील तर त्यानं एक मिटवण्याआधी गावातल्या दुसऱ्या कुणाला तो घ्यायची ठरावीक मुदत. आणि संघाचं नाव, रंग, करंडक गावाच्या ताब्यात. ओरलँडोला हे मिळालं असतं तर २०१२ साली ईसीएचएलमध्ये सोलर बेअर्स या नावानं संघ परत यायला अकरा वर्षं लागली नसती, असं मला मनापासून वाटतं.

मूळ लेखात दोन बदल आज करतोय. ‘या विलीनीकरणात सगळ्यांचाच फायदा झाला’ हे वाक्य काढतो. ओरलँडोच्या त्या एका ओळीच्या जागी वरचा परिच्छेद टाकतो. तुम्ही लिहिलंत की तुमच्याकडे २००१ च्या मोसमातली तिकिटं अजून जपून ठेवलेली आहेत. त्यांचा फोटो पाठवलात तर तुमच्या परवानगीनं लेखात तोच लावीन.