सेल कुठला देऊ?

गॅस गिझर असलेल्या घरातला माणूस अंघोळीला जाताना टॉवेल, साबण आणि जीव मुठीत घेऊन जातो. नळ सोडला की गिझर आधी टिकटिक करतो, मग भक्कन पेटतो. या भक्कनसाठी दोन जाड सेल लागतात आणि ते नेमके डोक्याला शाम्पू लागल्यावर मान टाकतात. मग टिकटिकच ऐकत बसायचं. पाणी कोल्हापूरच्या थेट पाइपलाइनचं आणि गारठाही थेट काळम्मावाडी धरणातला!

महाद्वार रोडला सेल घ्यायला गेलं की परीक्षा सुरू होते.

"सेल कुठला देऊ? रिमोटचा, घड्याळाचा का गिझरचा?"

"गिझरचा."

"साधा का अल्कलाइन?"

"फरक काय?"

"पैशाचा."

एवढ्या कमी शब्दांत रसायनशास्त्र कुणी शिकवलं नसेल. खरं तर दोन्ही दीड व्होल्टचेच. साध्या सेलचा जस्ताचा डबाच वापरात झिजत जातो. अल्कलाइनमध्ये जस्ताची पूड मधोमध, भोवती मँगनीज डायऑक्साइड, बाहेर पोलादी डबा आणि आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड. म्हणून जास्त वीज ओढणाऱ्या खेळण्याला, टॉर्चला तो दमदार पडतो. पण भिंतीवरच्या घड्याळात अल्कलाइन घालणं म्हणजे बालवाडीतल्या पोराला तालमीचा खुराक लावणं. सेकंदकाटा ढकलायला साधा सेल रग्गड झाला.

आमच्या आबांना दोन्ही प्रकार मान्य नाहीत. त्यांच्या मते सेल संपत नाही, दमतो. म्हणून तो आधी रिमोटमध्येच गोल फिरवायचा, मग रिमोटला दोन थापट्या, मग गच्चीवर ऊन दाखवायचं. दाताने चावायचा उपाय मात्र आईने बंद पाडला. सेलसाठी नव्हे, कवळीसाठी. हल्ली आबा सेल फरशीवर उभा सोडून बघतात. अल्कलाइन ताजा असला तर धप्पकन बसतो, वापरलेला उडी मारतो, कारण आतल्या जस्ताचं ऑक्साइड होऊन ते कडक बनतं. पण जेमतेम अर्धा संपलेलासुद्धा उड्या मारायला लागतो, त्यामुळे आबांच्या परीक्षेत चांगलीचांगली पोरं नापास होतात. आणि नापास झालेली फेकायची नाहीतच! नव्या जोडीला एक जुना लावायचा, "हाय की त्यात अजून जीव."

इथेच घोळ होतो. जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह रेटत राहतो, आत हायड्रोजन वायू साठतो आणि शेवटी खालचं सील फुटतं. नुसत्या पडून राहिलेल्या सेलमध्येही जस्त हळूहळू हा वायू सोडतच असतं. म्हणजे रोज राबणाऱ्या रिमोटपेक्षा 'अडीनडीला असू दे' म्हणून कपाटात ठेवलेली वस्तूच आधी वाया जायची.

आमची ती वस्तू म्हणजे टॉर्च. 2019 च्या पुरात घेतलेला, 2021 च्या पुरात वापरलेला आणि तेव्हापासून "पंचगंगा परत वर आली तर?" म्हणून सेलसकट जपलेला. यंदा जूनमध्ये लाईट गेली, आबांनी ऐटीत बटण दाबलं, अंधार तसाच. झाकण उघडलं तर स्प्रिंगवर पांढरी भुकटी. सेलमधला द्राव बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला भेटला की त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं, ते हे.

"सोडा टाक, सगळं साफ होतं," आबा म्हणाले. पण हा माल स्वतःच अल्कली, त्याला सोडा काय करणार? ओला द्राव बोटाला लागला तर बोट बुळबुळीत होतं, कारण कातडीवरच्या चरबीचा अक्षरशः साबण व्हायला लागतो. याला आंबटच पाहिजे. व्हिनेगर घरात नव्हतं, लिंबू होतं आणि ते पोह्यांच्या नावे राखीव होतं. "पोहे का टॉर्च, एकदा काय ते ठरवा," एवढं बोलून बायकोने अर्धं लिंबू दिलं.

सकाळी उजेडात, उंबऱ्यावर वर्तमानपत्र पसरून बसलो. हातात रबरी मोजे, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब रस. स्प्रिंगला टेकवला की बारीक फसफस होते, मोठी समाधानाची गोष्ट आहे ती. मग किंचित ओल्या फडक्याने रस पुसायचा, कोरडं करायचं आणि स्प्रिंगचं टोक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचं.

एवढ्यात शेजारच्या मावशी दारात उभ्या. समोर उंबऱ्यावर कापलेलं लिंबू, पांढरी पूड, कापूस आणि मोजे घातलेला मी. मावशी दोन पावलं मागे सरकल्या.

"कुणावर केलंय हे?"

"मावशी, सेल गळालाय."

त्यांचा विश्वास बसेना. मी टॉर्चमध्ये नवे सेल घालून बटण दाबलं, उजेड थेट त्यांच्या तोंडावर. काही न बोलता मावशी घरात गेल्या. आता गल्लीभर बोभाटा होणार म्हणून मी आवरायला घेतलं, तोवर त्या परत आल्या. पदरात रिमोट, नातवाची मोटार आणि बीपीचं मशीन.

"लिंबं मी देते," मावशी म्हणाल्या, "पण आमच्यावरचं पण उतरवून दे बाबा."