पत्र्याचा डबा नको

लेखातला ‘जुने सेल पत्र्याच्या डब्यात साठवा, डबा भरला की संकलन केंद्रात द्या’ हा सल्ला कृपया बदला. संपलेल्या सेलमध्येही चार्ज शिल्लक असतो. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, त्यामुळे डब्याचा पत्रा किंवा दुसरा सेल टेकला की शॉर्ट सर्किट होऊन ती तापते. शेजारी लिथियमचा सेल असेल तर आग लागायला तेवढं पुरतं. डबा प्लास्टिकचा घ्या, कोरड्या जागी ठेवा आणि टोकांवर चिकटपट्टी लावा. घड्याळातला बटण सेल दोन्ही बाजूंनी पूर्ण झाका. लहान मुलांच्या हाती तर तो लागताच कामा नये. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

फुगलेल्या मोबाइल बॅटरीबद्दल लेखात एक ओळही नाही, आणि खरा धोका तिथेच आहे! ती चार्ज करू नका, दाबू नका, टोचून हवा तर मुळीच काढू नका. आतले थर एकमेकांना टेकले की ती पेटते. कोरड्या वाळूत, झाकण घट्ट न लावता, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा आणि डबा भरायची वाट न बघता केंद्राला आधी कळवून द्या. मिठाच्या पाण्यात बुडवून डिस्चार्ज करण्याचा घरगुती उपायही टाळा: टोकं गंजतात, हायड्रोजन सुटतो आणि आत चार्ज उरतोच.